इंजिनाचा लाकडी बेड: वरून फायबर, इपॉक्सी की नवं लाकूड?

१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत बोट वर आली की इंजिनाखाली, म्हणजे ते ज्या लाकडी ओंडक्यांवर बसतं त्या बेडकडे, नीट वाकून बघायला सवड मिळते. पायाचा बोल्ट आवळायला जावं तर तो घट्ट न होता नुसताच गरगर फिरतो. मग बंदरावर सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं वरून काचेच्या धाग्यांचे दोन मॅट रेझिनमध्ये मारून टाक. कुणी म्हणतं सडकं कोरून इपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणारं रेझिन, भर. जुना मेस्त्री असेल तर तो मान हलवतो आणि अख्खा बेड बदलायला सांगतो.

सल्ला निवडण्याआधी सड किती खोल गेली आहे ते पाहा. हातोडीने ठोकल्यावर चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, सडलेलं बद्द वाजतं. शंका असेल तिथे ५-६ मिलिमीटरचं ड्रिल हळू घाला. भुसा कोरडा आणि फिकट आला तर ठीक. काळपट, ओला, कुबट वासाचा आला तर आत बुरशीने घर केलं आहे. बोल्टांच्या भोवती आणि बेड जिथे वाकांवर (बोटीच्या आडव्या फासळ्यांवर) बसतो तिथे आधी बघा. लोखंडी बोल्ट गंजतो, भोक सैल होतं आणि त्याच वाटेने पाणी आत उतरतं. यात समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी जास्त घातक असतं. मीठ बुरशीला थोडं रोखतं, गोडं पाणी रोखत नाही. म्हणून नुसती उघडी पडून राहिलेली बोट धंद्यात फिरणाऱ्या बोटीपेक्षा लवकर सडते.

आता पहिला पर्याय, म्हणजे पॉलिएस्टर रेझिन आणि मॅट. स्वस्त आहे, माल कुठेही मिळतो, हात बसलेला माणूसही मिळतो आणि काम एका दिवसात उरकतं. पण सडलेल्या लाकडावर हे करू नका. पॉलिएस्टर सुकताना बऱ्यापैकी आकसतं. सागाच्या तेलकट अंगावर ते धड धरत नाही आणि डिझेल मुरलेल्या लाकडावर तर नाहीच. वर्षभरात कडेला बारीक फट पडते. तिथून शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते आणि वरचं कवच चकचकीत असल्यामुळे आतली सड दिसतही नाही. शिवाय बेडवर नुसतं इंजिनाचं वजन नसतं. बहुतेक छोट्या बोटींत बोट ढकलणाऱ्या पंख्याचा रेटा गिअरबॉक्समधून इंजिनाच्या पायांवर आणि तिथून बेडवर येतो. आतलं लाकूड दबलं तर दोन मॅटचं कातडं तो रेटा सोसणार नाही.

दुसरा पर्याय इपॉक्सीचा. सड बोल्टाच्या आसपासच असेल आणि बाकीचं लाकूड खणखणीत असेल तर माझं मत याच बाजूने. सडलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत, आणि त्यापुढेही थोडा, काढून टाकायचा. खड्डा मोठा असेल तर तो नुसत्या इपॉक्सीने भरू नये, त्यात त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा बसवावा. एकदम जाड थर ओतला तर तो तापतो, कधी कधी धूर येईपर्यंत. बोल्टाची भोकं मोठी करून इपॉक्सीने भरायची आणि सुकल्यावर मापाची पाडायची. मग बोल्ट लाकडाला टेकतच नाही. साग असेल तर चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसून घ्या. मॅटऐवजी विणलेलं कापड वापरा, कारण साध्या मॅटचे धागे ज्या गोंदाने धरलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनने विरघळतो, इपॉक्सीने नाही. आणि हार्डनर मापातच घाला. जास्त घातला म्हणून इपॉक्सी लवकर सुकत नाही, उलट मऊ राहतं. इपॉक्सी पॉलिएस्टरपेक्षा बरंच महाग आहे, पण बेडला लागतं किती? इंजिन उचलायची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागली तर त्याहून जास्त जाते.

तिसरा, नवं लाकूड. बोट फळ्यांची लाकडी असेल आणि सड बेडच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पसरली असेल तर दुसरा विचार नको. लाकडी बोट लाटेवर थोडी हलते, फळ्या फुगतात, आकसतात. ताठ फायबर त्या हालचालीबरोबर जात नाही आणि जोडावर सुटतं. नवा बेड चांगल्या वाळलेल्या सागाचा किंवा ऐनाचा घ्यावा आणि बोल्ट बेडमधून थेट वाकांपर्यंत न्यावेत.

फायबरच्या बोटीत हिशोब उलटा असतो. तिथे बेडभोवतीचं फायबर तळाशी एकजीव असतं. कवच जाड आणि शाबूत असेल तर वरची बाजू कापून सडलेलं लाकूड उकरून काढा, नवं लाकूड इपॉक्सीत बसवा आणि वरून पुन्हा बंद करा. जुन्या फायबरवर नवा थर चढवताना ४० नंबरच्या कागदाने घासून कड लांब उतरती करा. जाडीच्या दहा-बारा पट लांबीचा उतार हवा.

खरी अडचण मात्र ओलाव्याची आहे. लाकडात वीस टक्क्यांहून जास्त ओल असली की बुरशीला फावतं. फायबर मारायला ती पंधराच्या खाली हवी, बारापर्यंत उतरली तर उत्तम. कोकणातल्या जुलैच्या हवेत उघड्यावरचं लाकूड तिथवर कधीच वाळत नाही, बोट कितीही शाकारून ठेवली तरी. बंदीच्या काळात रेझिनचं काम करायचं असेल तर सड मे महिन्यातच उघडी करा, किंवा बेड बंद आडोशात दिवे लावून वाळवा आणि ओल मोजायचं छोटं यंत्र जवळ ठेवा. यातलं काहीच जमणार नसेल तर नवं लाकूड बोल्टांवर बसवून घ्या. त्याला असं कोरडं होण्याची वाट बघावी लागत नाही. 

पॉलिएस्टरच वापरणार असाल तर कोबाल्ट (सुकणं वेगाने करणारं) आणि कॅटॅलिस्ट (रेझिन घट्ट करणारं) एकमेकांत थेट कधी मिसळू नका, स्फोट होतो. एक आधी रेझिनमध्ये ढवळून घ्या, मग दुसरा.

कुठलाही पर्याय घेतला तरी इंजिनाच्या पायाखाली पोलादी पट्टी टाका. नाहीतर फायबर पायाखाली चेपतं. शाफ्टची सरळ रेषा किनाऱ्यावर फक्त अंदाजे लावा. बोट पाण्यात उतरवून एक दिवस तरंगू द्या, मग कपलिंगच्या (गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या चकत्यांच्या) दोन तोंडांमध्ये फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) चारही बाजूंनी घालून बघा. शंभर मिलिमीटर व्यासाच्या कपलिंगला ०.१ मिलिमीटरहून जास्त फरक राहिला तर इंजिनाच्या पायाखाली शिम (पातळ पत्रा) टाकून पुन्हा मोजा.