ई-स्वाक्षरीच्या नावाखाली विकले गेलेले नुसते चित्र

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा कोरुगेटेड खोके बनवण्याचा लहान कारखाना आहे. बहुतेक ग्राहक कंपन्या बाहेरगावच्या असल्याने दरकरार आणि पुरवठ्याच्या अटी कुरिअरने पाठवून सह्यांसह परत मिळवण्यात फार वेळ जात असे, म्हणून ई-स्वाक्षरीचे सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले. ज्या विक्रेत्याकडून ते घेतले त्याने दाखवले एक आणि दिले भलतेच. तोच विक्रेता किंवा त्याच्यासारखा दुसरा कोणी इतर लहान उद्योजकांच्या दारात जाणारच, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

विक्रेत्याच्या प्रतिनिधीने कारखान्यात येऊन केलेले प्रात्यक्षिक अस्सल होते. त्याच्या लॅपटॉपवर आमच्या भागीदारांनी आधार क्रमांक भरला, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी आला आणि पीडीएफवर सही उमटली. ‘आधार ई-साइन, शासनमान्य, न्यायालयात ग्राह्य’ असे त्याने सांगितले आणि वर्षाच्या वर्गणीच्या बिलावरही ‘आधार ई-साइन’ असेच छापलेले होते. प्रत्यक्ष खाते सुरू झाल्यावर मात्र समोरच्या पक्षाला ईमेलने एक दुवा जायचा, तो फक्त मोबाइल क्रमांक विचारायचा आणि विक्रेत्याच्याच नावाने आलेला ओटीपी घालून बोटाने नाव गिरवले की खाली हिरवी खूण, तारीख व वेळ उमटायची. आधार क्रमांक कोणालाही, कधीही विचारला जात नव्हता. विचारणा केल्यावर ‘आधारची पडताळणी पाठीमागे आपोआप होते’ असे उत्तर मिळाले, आणि ते धादांत खोटे होते.

माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 यातील कलम 3 आणि 3अ ज्या स्वाक्षरीला मान्यता देतात तिच्यामागे सही करणाऱ्याची ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र असावे लागते आणि ते केंद्र शासनाच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकाचा, म्हणजे सीसीएचा, परवाना असलेल्या संस्थेनेच दिलेले असावे लागते. आपले सीए विवरणपत्रे भरताना यूएसबी टोकन लावतात त्यात असेच प्रमाणपत्र असते. 2015 पासून सुरू झालेल्या आधार ई-साइनमध्ये आधारची पडताळणी झाल्यावर त्या सहीपुरते अल्पकाळाचे प्रमाणपत्र तयार होते. दोन्ही प्रकारांत सही दस्तऐवजाच्या मजकुराशी अशी बांधली जाते की नंतर एक अंक जरी बदलला तरी तपासणीत ते उघड होते.

आमचा प्रकार उघडकीस आला तो एका ग्राहक कंपनीने थकबाकीवरील व्याजाचे कलम आपल्याला मान्यच नव्हते, ती सही आपली नाही, असे लेखी कळवल्यावर. वकिलांनी तो दरकरार अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडला. खरी डिजिटल सही असती तर वर सहीसंबंधीची पट्टी दिसली असती आणि सहीवर क्लिक केल्यावर प्रमाणपत्र कोणी, कोणाला दिले ते वाचता आले असते. इथे पट्टी नव्हती. दुसऱ्या प्रोग्रामात उघडून हिरव्या खुणेवर क्लिक केले तर एखाद्या छायाचित्राला पडावी तशी तिच्याभोवती चौकट पडली. मग वकिलांनी त्या फाइलची प्रत काढून आमच्यासमोर खोक्याचा दर बदलला, ती जतन केली आणि पुन्हा उघडली. दर बदललेला होता आणि त्याखाली हिरवी खूण जशीच्या तशी होती.

या खुणेबद्दल सर्वांनी विशेष सावध राहावे असे मला वाटते, कारण फसवणूक नेमकी तिच्याच आधारावर उभी आहे. डाउनलोड केलेल्या ई-आधारवर पिवळे प्रश्नचिन्ह आणि सही पडताळलेली नसल्याची सूचना पुष्कळांनी पाहिली असेल. ती सही खोटी नसते. आपल्या संगणकावरील रीडरला भारताच्या मूळ प्रमाणपत्राची, म्हणजे देशातील इतर डिजिटल प्रमाणपत्रे ज्यावर आधारलेली असतात त्याची, ओळख करून दिलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ असतो, आणि ती करून दिली की तिथे हिरवी खूण येते. म्हणजे अस्सल सही सुरुवातीला संशयास्पद दिसू शकते आणि रंगवलेली खूण कोणत्याही संगणकावर पहिल्या क्षणापासून हिरवीगार असते.

करार म्हणून तो कागद रद्द ठरत नाही, कारण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्याच कलम 10अ प्रमाणे केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार अमान्य होत नाही. परंतु सही त्याच पक्षाची आहे हे सिद्ध करण्याचा सारा भार आमच्यावर येतो. त्यासाठी दुवा कोणाला गेला, कोणत्या उपकरणावर उघडला, ओटीपी कधी भरला याची नोंद हवी, आणि ती विक्रेत्याच्या सर्व्हरवर होती. अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत तो कोणत्या यंत्रणेतून कसा काढला हे सांगणारे प्रमाणपत्र (सहीच्या प्रमाणपत्राहून वेगळे) आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये जालन्याच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात स्पष्ट केले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 मध्येही ही अट कायम असून प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला आणि मजकूर बदलला की बदलणारा ओळखसंकेत, तोही द्यावा लागतो.

आम्ही नोंदी मागितल्या तेव्हा ‘वर्गणी संपली आहे, नूतनीकरण केल्याशिवाय नोंदी दिसणार नाहीत’ असे सांगण्यात आले. पैसे भरूनच घेतले असते, पण त्याआधी वकिलांनी लेखी मागणी पाठवली आणि त्यानंतर दूरध्वनी लागेनासा झाला. बिलावरच्या पत्त्यावर तासाच्या भाड्याने टेबले देणारे कार्यालय निघाले आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर त्यांची नोंदणी रद्द झालेली दिसली. आम्ही 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवून सायबर पोलिसांकडे रीतसर तक्रार दिली आहे. ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र आमच्यासाठी अवघड आहे, कारण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा सहसा बसत नाही. हे बहुतेक लहान उद्योजकांना ठाऊक नसते.

खरेदीपूर्वी विक्रेत्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत. प्रमाणपत्र कोणती परवानाधारक संस्था देणार, हे लेखी घ्यावे आणि तिचे नाव सीसीएच्या संकेतस्थळावरील यादीत स्वतः पाहावे. दुसरा, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्रावरही ही सही चालेल का? मृत्युपत्र, तसेच रिझर्व्ह बँक, सेबी यांसारख्या नियामकांच्या अखत्यारीतील संस्थांना दिलेली सोडून इतर मुखत्यारपत्रे, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या पहिल्या अनुसूचीनुसार इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीच्या कक्षेबाहेर आहेत; आमच्या विक्रेत्याने ‘सगळे चालते’ असे छातीठोकपणे सांगितले होते. मुद्रांक शुल्काबद्दलही तो तसेच बोलला, वास्तविक महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात दस्तऐवज या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक अभिलेख येतो, त्यामुळे ई-सही केली म्हणून मुद्रांक टळत नाही. प्रात्यक्षिकावर विसंबू नये. आपल्याच खात्यातून एक चाचणी दस्तऐवज सही करून घ्यावा, त्यातला एक अंक बदलून पाहावा आणि मगच पैसे द्यावेत.

ज्यांच्याकडे असे खाते आधीच आहे त्यांनी सही झालेले सर्व दस्तऐवज आणि त्यांच्या नोंदी वर्गणी चालू असतानाच उतरवून स्वतःजवळ ठेवाव्यात. आम्ही चालू असलेले सर्व दरकरार यूएसबी टोकनवरील सहीने नव्याने करून घेत आहोत. बहुतेक ग्राहकांनी सहकार्य केले. वाद असलेल्या कंपनीची थकबाकी मात्र अजून अडकलेली आहे.