स्लिप झालेला बोल्ट काढायचा संच : सोलापुरात काही महिने वापरल्यानंतर

हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, डाव्या फिरकीची (उलट फिरवून कापणारी) ड्रिल बिट आणि पिळाचे ईझी आऊट (अडकलेल्या बोल्टला भोक पाडून त्यात रुतवायचे आणि उलटं फिरवून बोल्ट काढायचे निमुळते दांडे) अशी तीन हत्यारं या संचात येतात. काही महिन्यांच्या वापरानंतर मत पक्कं झालंय : पैसे वसूल होतात ते पहिल्या दोन हत्यारांमुळे. संच विकला जातो मात्र ईझी आऊटच्या नावावर, आणि खरं तर तो शेवटचा उपाय आहे.

आपल्याकडे गाड्यांमध्ये फार अडतात ते थर्मोस्टॅट हाउसिंगचे (इंजिनाच्या पाण्याचं तापमान सांभाळणाऱ्या झडपेच्या कव्हरचे) बोल्ट. बरेच जण रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरतात. अॅल्युमिनियममध्ये लोखंडी बोल्ट आणि वर हे क्षाराचं पाणी, त्यामुळे आट्यांत पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट जाम होतो. त्यावर बारा पॉइंटचा पाना लावून जोर दिला की डोकं गोल झालंच म्हणून समजा. सहा पॉइंटचा सॉकेट कोपऱ्यांऐवजी सपाट बाजूंवर धरतो, म्हणून सुरुवात त्यानेच करा.

स्टार स्क्रूंची गोष्ट वेगळी. जपानी बनावटीच्या इंजिनांवर बऱ्याचदा जेआयएस, म्हणजे जपानी मानकाची खाच असते. साधा फिलिप्स त्यात तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर सरकतो आणि खाच खातो. इथे इम्पॅक्ट ड्रायव्हर कामाला येतो, कारण घाव बिटाला आत दाबतो आणि त्याच क्षणी थोडं फिरवतोही. ठोकण्याआधी दिशा सोडायच्या बाजूला लावलीय ना, ते बघा. थ्रॉटल बॉडीवर (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागावर) किंवा पातळ ओतीव कव्हरवर मात्र हातोडी नको, तडा जातो.

ड्रिल हातात घेण्याआधी पेनिट्रेटिंग ऑइल रात्रभर मुरू द्या. सकाळी ते पुसून घ्या, पेट्रोलची लाइन जवळ नाही याची खात्री करा आणि बोल्टच्या भोवतीचा भाग हीट गनने तापवा. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून पकड सैल होते. लाल थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ नयेत म्हणून लावायचा गोंद) लावलेला असेल तर तो साधारण २५० अंश सेल्सिअसला मऊ पडतो.

तरी हलला नाही किंवा डोकंच तुटलं, तर बोल्टचा माथा कानशीने सपाट करून अगदी मध्यावर सेंटर पंचने (टोकदार ठोकणीने) खूण मारा. सगळं काम या खुणेवर अवलंबून आहे. खूण बाजूला गेली तर बिट मऊ अॅल्युमिनियमकडे पळतं आणि आटे खातं. एम ६ (६ मिमी जाडीच्या) बोल्टला ३ मिमीचं भोक पुरतं. मशीन उलटी फिरवायची, वेग कमी, दाब भरपूर, थेंबथेंब तेल. डावं बिट सोडायच्या दिशेलाच कापत असल्याने बोल्ट पुष्कळदा ड्रिल करतानाच बाहेर येतो.

आता ईझी आऊट. त्याचा निमुळता पीळ बोल्टची भिंत बाहेर ढकलतो, म्हणजे जाम बोल्ट आणखी घट्ट होतो. हत्यार कडक पण ठिसूळ असतं. एकाच बाजूने पाना लावला की तुटतं, आणि आत अडकलेला तुकडा नेहमीच्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिटाने कापला जात नाही. त्याहून कडक कार्बाइडचं बिट लागतं, नाहीतर स्पार्क इरोजन, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणं. म्हणून टॅप हँडल (दोन्ही बाजूंना मूठ असलेला दांडा) लावून दोन्ही हातांचा जोर सारखा ठेवा आणि हत्यार पिळल्यासारखं वाटलं की तिथेच थांबा. संचातले सर्वांत बारीक दोन ईझी आऊट इंजिनाच्या कामाला घेऊच नयेत. सरळ धारांचे एक्स्ट्रॅक्टर भिंत कमी फुगवतात. ते या संचात नाहीत, ही त्याची मोठी उणीव. माथा थोडा वर उरला असेल तर ईझी आऊटपेक्षा वेल्डरकडून त्यावर नट वेल्ड करून घेणं बरं. वेल्डिंगची उष्णताही मदतच करते. त्याआधी बॅटरी सोडा.

आटे गेलेच असतील तर एम ६ हेलिकॉइलसाठी (भोकात बसवून नवे आटे देणाऱ्या तारेच्या स्प्रिंगसाठी) साधारण ६.३ मिमीचं भोक आणि हेलिकॉइलच्याच किटमधला टॅप (आटे पाडायचं हत्यार) लागतो, साधा एम ६ टॅप चालत नाही. बंद भोकातला कीस आणि तेल हवेने उडवून टाका, डोळ्यांवर चष्मा लावून. तळाशी तेल राहिलं आणि बोल्ट आवळला, तर तेल दबत नाही, अॅल्युमिनियम फुटतं.