उडतं मॉडेल करताय? पंख पाखराचा घ्यावा की वटवाघळाचा

जत्रेत रबराचा पीळ देऊन सोडायचा तो फडफडणारा 'पक्षी' आठवतोय? चोच आहे, शेपूट आहे, अंगावर पिसंही छापलेली. पंख मात्र एका काडीला चिकटवलेला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. म्हणजे नाव पाखराचं आणि पंख वटवाघळाच्या जातीचा! आमच्याकडे तर एका चिमुकल्या पक्ष्यालाही पाकोळी म्हणतात आणि लहान वटवाघळालाही. तेव्हा फडफडत्या पंखाचं मॉडेल करायला कुणी निघालं, की मी आधी एकच विचारतो: पंख नुसता हलवायचाय, की मिटायचाही आहे?

नुसता हलवायचा असेल तर फार डोकं खाजवू नका. पापुद्र्याचाच घ्या. खरा पेच मिटण्याचा आहे.

वटवाघळाचा पंख म्हणजे पसरलेला पंजा. पाठीमागे उजेड असताना तो उलगडला की सगळं आरपार दिसतं. पुढच्या कडेला आकड्यासारखा मोकळा अंगठा आणि बाकीची चार बोटं कातडीच्या पातळ पडद्यात, छत्रीच्या काड्यांसारखी. फरक एवढाच की छत्रीची काडी ताठ असते, तर या बोटांची टोकाकडची हाडं चांगलीच लवतात. करंगळी पंखाच्या मधून मागच्या कडेपर्यंत जाते. ती वाकवली की पंखाला हवा तेवढा बाक येतो. पडद्याची आतली बाजू मागच्या पायाला जोडलेली, म्हणजे पायसुद्धा सुकाणूच्या कामाला. पाखराच्या हातात यातलं काही उरलेलं नाही. बोटं मोजकी, तीही बरीचशी एकमेकांत जुळलेली. पुढचं काम पिसांचं.

आता पंख अर्धा मिटून बघा. पडद्याला झोळ येतो. झोळ आला की तो वाऱ्यात फडफडतो आणि उचल जाऊन नुसता अडथळा उरतो. वटवाघळाकडे यावर इलाज आहे. पडद्यात रबरासारखे ताणणारे तंतू आहेत, शिवाय केसाएवढे बारीक स्नायू, जे कुठलंही हाड सांध्यात हलवत नाहीत. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की पंख खाली मारताना हे स्नायू आवळले जातात, म्हणजे पडदा ताठ होतो. तुमच्या मॉडेलला हे स्नायू कुठून आणणार?

पिसांना झोळाची भानगडच नाही. ती पत्त्यांसारखी एकमेकांवर सरकतात. पसरताना मधे फट का पडत नाही, हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मंडळींनी उलगडलं: शेजारच्या पिसांवरचे सूक्ष्म आकडे एकमेकांत अडकतात आणि मिटताना आपोआप सुटतात. त्यांनी कबुतराची ४० खरी पिसं लावून 'पिजनबॉट' नावाचा रोबो उडवला. मनगट आणि बोट हलवलं की पिसं आपोआप मागोमाग सरकतात, बुडाशी लवचीक दोरी असते एवढंच. पण हुरळून जाऊ नका, तो पंख फडफडवत नव्हता. ढकलायला पंखा होता.

फडफडला तो २०१७ चा अमेरिकेतला 'बॅट बॉट', वटवाघळासारखा रोबो. वजन ९३ ग्रॅम, पंखाला ५६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचं रबरासारखं सिलिकॉन. वटवाघळाच्या पंखातले चाळीसेक सांधे जसेच्या तसे उतरवायच्या फंदात न पडता त्यांनी मोजकेच ठेवले. शहाणपण ते हेच.

मग वटवाघळाच्या वाटेला जायचंच कशाला? सावकाश उडण्यासाठी. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाने २००८ मध्ये मध पिणारं एक छोटं वटवाघूळ वाऱ्याच्या बोगद्यात सेकंदाला १ मीटर इतक्या धिम्या वेगाने उडवून पाहिलं. पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा भोवरा धरून ठेवला जातो आणि त्यातून ४० टक्क्यांपर्यंत जादा उचल मिळते. धारदार पुढची कड आणि भरपूर बाक, दोन्ही पडद्यात सहज जमतं. खोलीत घिरट्या घालणारं मॉडेल हवं असेल तर हेच.

लांब पल्ल्याला मात्र पाखरू सरस. लुंडच्याच २०१२ च्या तुलनेत दोन पक्षी आणि दोन वटवाघळं होती, आणि उचल-अडथळ्याच्या गुणोत्तरात, म्हणजे हवेच्या अडथळ्याच्या किती पट उचल मिळते यात, पक्ष्यांनी बाजी मारली. पंख वर नेताना पक्षी तो आवरून घेतो, हवेला जवळजवळ लागू देत नाही. वटवाघळाचा पडदा वर जाताना पुढे ढकलतो खरा, पण थोडा खालीही दाबतो. शिवाय ते मोठाले कान आणि नाकावरचं पानासारखं कातडं! अंगावरून जाणारी हवा त्यांनीच विस्कटत असावी.

दुरुस्तीत फारसं डावंउजवं नाही. फाटलेल्या पडद्याला टेप, मोडलेल्या पिसाला दुसरं पीस. जिवंत वटवाघळाच्या पंखाचं भोक काही आठवड्यांत भरून येतं, ती चैन आपल्याला नाही.

माझं मत विचाराल तर पहिलं मॉडेल न मिटणाऱ्या पापुद्र्याचं करा. मिटणारा पंख हवाच असेल तर पातळ फोमची पिसं कापून बुडाशी रबर ओवा. सिलिकॉनच्या मागे दुसऱ्या खेपेला लागा. आणि मोटर लावायच्या आधी पंख अर्धा मिटून टेबलफॅनसमोर धरा. पतंगासारखी फडफड ऐकू आली, तर झोळ अजून गेलेला नाही.