‘हॉस्पिटलच्या टीममधून बोलतेय’ असं सांगणाऱ्या फोनपासून सावध राहा

वजन कमी करण्याचं ऑपरेशन ज्यांच्या घरात नुकतंच झालंय किंवा ठरलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. ऑपरेशन अगदी व्यवस्थित झालं होतं. आमची फसवणूक झाली ती त्यानंतरच्या खाण्यापिण्यावरून. पैसे तर गेलेच, पण माझी वहिनी जिवावर बेतण्याच्या अवस्थेला पोचली होती. तिला विचारूनच लिहितेय.

दादा-वहिनी लालबागला चाळीत राहतात, तिसऱ्या मजल्यावर. वहिनीला वजनामुळे शुगर लागली होती, गुडघे गेले होते, जिना चढायचा म्हणजे प्रत्येक मजल्यावर थांबायचं. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४०च्या वर होता, त्यामुळे मेडिक्लेममध्ये ऑपरेशन बसलं. (३५च्या वर असेल आणि जोडीला डायबिटीससारखा त्रास वाढलेला असेल तरी पॉलिसीच्या अटींत ते बसू शकतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. विचारून घ्या.) स्लीव्ह नावाचं ऑपरेशन झालं. त्यात जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी तेवढी शिल्लक राहते. काही दिवसांत ती घरी आली.

खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू होते. आधी नुसतं पातळ: डाळीचं निवळ पाणी, गाळलेलं सूप, पाणीदार ताक. दोनेक आठवड्यांनी मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि नेहमीचं जेवण दीड-दोन महिन्यांनी. पाणी दिवसाला दीड ते दोन लिटर हवं, पण एका वेळी एकच घोट. जेवताना पाणी नाही, जेवल्यावरही अर्धा तास नाही. आणि प्रोटीन मात्र रोज निदान ६० ग्रॅम. ज्या पोटात अर्धी वाटी वरण जाताना मारामार, तिथे ६० ग्रॅम प्रोटीन कुठून घालणार? म्हणून डॉक्टर पावडर लिहून देतात, आणि ती लागतेच. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी आणि मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्याही लागतात, त्या बहुतेक जन्मभर. मेडिक्लेमने यातलं काही दिलं नाही, सगळा खर्च घरचा. फसवणारी माणसं याच फटीतून आत शिरतात.

वहिनी पुतण्याच्या बारशातला चांदीचा चमचा घेऊन बसायची. एक चमचा तोंडात, मग घड्याळाकडे बघत थांबायचं, छातीत काही अडकलं नाही ना याची खात्री करायची, मग दुसरा. वाटीच्या तळाशी थोडंसं मुगाचं कढण, आणि तेही संपता संपायचं नाही. समोरून येणारा-जाणारा म्हणायचा, ‘‘एवढंच? अगं, अशाने आजारी पडशील.’’ रोज सगळ्यांच्या पानात वाढणाऱ्या बाईला हे किती लागतं ते मी बघितलंय. पुढची तपासणी महिन्यावर होती. हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञांचा छापील कागद होता, पण रात्री अकरा वाजता ‘आज दोनदा उलटी झाली, हे बरोबर आहे का’ असं कागदाला कसं विचारणार?

अशातच तिसऱ्या आठवड्यात फोन आला. ‘‘ताई, हॉस्पिटलच्या आफ्टरकेअर टीममधून बोलतेय.’’ वहिनीचं नाव, ऑपरेशनची तारीख, स्लीव्ह झालंय की बायपास (म्हणजे वजन कमी करण्याचंच दुसरं ऑपरेशन, हृदयाचं नव्हे), सगळं त्या बाईला माहीत होतं. ही माहिती कुठून गेली ते आजही कळलेलं नाही. आमची अशी कुठलीही टीम नाही, असं हॉस्पिटलने नंतर लेखी दिलं. पण त्या वेळी कुणाच्या मनात शंका यायचं कारणच नव्हतं. बोलणं गोड, मराठी स्वच्छ, रोज सकाळी मेसेज: पाणी किती गेलं? पोट साफ झालं का? चक्कर येतेय का? घरातली माणसं विचारत नाहीत इतक्या बारकाईने विचारायची.

विश्वास कसा बसला ते नीट सांगते, कारण तुमच्याशीही हेच होऊ शकतं. तिने आधी काहीच विकलं नाही. ती पुढचं सांगत गेली. ‘‘आता वजन थोडे दिवस थांबेल, घाबरू नका.’’ खरंच काटा हलेना. ‘‘तिसऱ्या महिन्यात केस गळायला लागतील.’’ कंगव्यात खरंच पुंजके यायला लागले. वहिनीला वाटलं, हिला माझं शरीर कळतं. प्रत्यक्षात हे या ऑपरेशननंतर बहुतेकांचं होतं. पहिल्या महिन्यात वजन मध्येच अडतं. शरीराला बसलेल्या धक्क्यामुळे आणि कमी खाण्यामुळे साधारण तीन ते सहा महिन्यांत केस गळतात आणि पुढे बहुतेकांचे परत येतात. कुठल्याही सर्जनच्या दवाखान्यात हे सांगतात. ठरलेलं वेळापत्रक पाठ करून कुणी भविष्य वर्तवल्यासारखं बोलत असेल, तर तेवढ्याने तो माणूस जाणकार ठरत नाही.

मग पॅकेज आलं. सहा महिन्यांची ‘स्पेशल बॅरिअ‍ॅट्रिक’ (म्हणजे वजनाच्या ऑपरेशनवाल्यांसाठीची) पावडर, केसांसाठी थेंब, आणि ‘सगळी व्हिटॅमिन एकातच’ असलेल्या कॅप्सुल. ३८,५०० रुपये, यूपीआयने, एका माणसाच्या खासगी खात्यावर. ‘कंपनीचं खातं अपडेट होतंय, बिल पार्सलसोबत येईल.’ पार्सल आलं, बिल आलं नाही. कॅप्सुल प्लास्टिकच्या पांढऱ्या पाकिटात होत्या. वर ना नाव, ना बॅच नंबर, ना एक्स्पायरी.

पैशांचं दुःख पचवता येतं. पण त्या बाईने डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या, याचा मला अजून संताप येतो. ‘‘डबल डोस होईल ताई, लिव्हरवर लोड येईल. आमच्या कॅप्सुलमध्ये सगळं आहे.’’ लोह, कॅल्शियम, बी-१२ सगळं थांबलं. आता मला कळतं की ‘सगळं एकातच’ हा दावाच संशय घेण्याजोगा होता. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतलं तर लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून डॉक्टर दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर ठेवायला सांगतात. लोहाच्या गोळीवर चहा नको म्हणतात तेही यासाठीच.

पावडर गोड होती. प्यायल्यावर पंधरा-वीस मिनिटांत वहिनीला दरदरून घाम यायचा, छाती धडधडायची, पोटात कळ येऊन संडासला पळावं लागायचं. याला डम्पिंग म्हणतात. गोड पदार्थ झपाट्याने आतड्यात उतरला की असं होतं. बायपासमध्ये जास्त, पण स्लीव्हमध्येही होतं. तिकडून उत्तर आलं, ‘‘बॉडी डिटॉक्स होतेय.’’ उलट्या वाढल्या तेव्हा, ‘‘पोट आकसतंय, चांगली खूण आहे.’’ सर्जनकडे जाऊ का विचारलं तर म्हणाली, ‘‘ते परत अ‍ॅडमिट करून बिल करतील.’’

कृपा करून हे लक्षात ठेवा: या ऑपरेशननंतर वरचेवर उलट्या होणं ही कधीच चांगली खूण नसते. नळी कुठे अरुंद झाली असेल, टाक्यांच्या जागी काही झालं असेल, ते डॉक्टरांनीच बघायला हवं. त्यातून दुसरं संकटही उभं राहतं, ते आमच्याकडे आलं.

एका संध्याकाळी वहिनी जिन्यात भिंतीला धरून उभी राहिली. म्हणाली, ‘‘पायऱ्या दोन-दोन दिसतायत.’’ पायांना मुंग्या आधीपासून होत्या, त्या आम्ही अशक्तपणावर ढकलल्या होत्या. बोलणंही अडखळत होतं. खालचे डॉक्टर चांगले, वर्षानुवर्षांचे ओळखीचे. त्यांनी आपल्याकडे सर्रास करतात तेच सांगितलं: ग्लुकोजची बाटली लावू, तरतरी येईल. दादाने त्याआधी सर्जनच्या असिस्टंटला फोन लावला म्हणून आम्ही वाचलो. तिकडून पहिलं वाक्य आलं, ‘‘ग्लुकोज लावू नका, आधी इकडे आणा.’’

तिथे गेल्याबरोबर शिरेतून थायमिन दिलं, म्हणजे बी-१. डॉक्टरांनी नंतर समजावलं. शरीरात थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच असतो. खाणं नाही, गोळ्या बंद, वर उलट्या, मग तो संपतो आणि मेंदूवर परिणाम होतो. डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणं, तोल जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं ही त्याची लक्षणं. याला वेर्निके एन्सेफलोपॅथी म्हणतात. अशा वेळी थायमिन न देता ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिन ते साखर पचवण्यातच जातं आणि दुखणं बळावतं. उशीर झाला तर स्मरणशक्तीचं कायमचं नुकसान होऊ शकतं. वहिनीची नजर लवकर सुधारली. चाल पूर्ववत व्हायला वेळ लागला, पायांतली बधिरता अजून थोडी आहे.

म्हणून, ज्यांचं हे ऑपरेशन झालंय त्यांच्या पाकिटात एक चिठ्ठी असू द्या: कुठलं ऑपरेशन, कधी झालं, सर्जनचा फोन. कुठल्याही दवाखान्यात गेलात, अगदी गल्लीतल्या डॉक्टरांकडे, तरी आधी हे सांगा, आणि उलट्या होत असतील तर तेही सांगा.

वहिनी वॉर्डात असताना पुतण्याने घरी पावडरचा डबा उचलला. लेबलची एक कड सुटली होती. ओलं फडकं फिरवलं तर वरचं स्टिकर सालपटासारखं निघालं. खाली दुसरंच लेबल, साध्या एनर्जी ड्रिंकचं. घटकांच्या यादीत पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली, साखरेसारखीच झटकन पचणारी पावडर. कायद्याने घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे डब्यात सर्वांत जास्त तेच. प्रोटीन १०० ग्रॅममागे ९ ग्रॅम. वहिनी दिवसातून दोनदा ३० ग्रॅमचा एकेक चमचा घ्यायची. म्हणजे दिवसभरात साडेपाच ग्रॅमसुद्धा पुरतं नाही, आणि बाकी बहुतेक साखरेसारखंच. वरच्या स्टिकरवरचा एफएसएसएआयचा (अन्नपदार्थांना परवाना देणारी सरकारी संस्था) चौदा आकडी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून पाहिला, तर परवाना परराज्यातल्या मसाल्याच्या कारखान्याचा निघाला. ही तपासणी दोन मिनिटांत मोबाइलवर होते. पैसे देण्याआधीच लेबलचा चारही बाजूंनी फोटो मागवा. अस्सल माल विकणारा तो देतोच.

आम्ही फोन केला तेव्हा ती फोनवाली बाई आधी शांतपणे बोलली, ‘‘पेशंटने डाएट पाळलं नसेल.’’ रात्री नंबर बंद, प्रोफाइलचा फोटो गायब. दादाने चॅट आधीच उतरवून ठेवलं होतं, ते फार उपयोगी पडलं. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे पाठवल्यानंतर जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. आमचे आठवडे उलटून गेले होते, खातं रिकामं होतं. पोलीस ठाण्यात आधी ‘तुम्हीच पाठवलेत ना पैसे’ असं ऐकावं लागलं. स्टिकर सोललेला डबा आणि डिस्चार्ज समरी टेबलावर ठेवल्यावर मात्र नीट लिहून घेतलं. डबा आणि कॅप्सुल अन्न व औषध प्रशासनाकडे दिल्या, त्यांचा टोल फ्री नंबर १८०० २२२ ३६५. ग्राहक हेल्पलाइन १९१५. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आणखी एक: लठ्ठपणा बरा करणाऱ्या औषधाची जाहिरात करायलाच १९५४च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. ‘पंधरा दिवसांत दहा किलो’वाल्या जाहिराती दिसल्या तर त्यांचीही तक्रार करता येते.

वहिनी आता पुन्हा हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली आहे. घट्ट वरण, दही, अंड्याचा पांढरा भाग, पनीर, आणि तिची आवडती सुरमई, तळलेली नाही, वाफवलेली. आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर भाताची दोन शितं. चपाती अजून अडकते, भाकरी ताकात कुस्करली की जाते. गोळ्या दवाखान्याने लिहिलेल्या, मेडिकलमधून बिलासकट आणलेल्या, आणि ठरल्या वेळी रक्ततपासणी.

त्याच हॉस्पिटलमधल्या आणखी एका पेशंटला असाच फोन आला. नाव वेगळं सांगितलं, बाकी बोलणं शब्दन् शब्द तेच. त्यांनी लेबलचा फोटो मागितल्यावर फोन कट झाला. तुमच्याकडे असा फोन आला असेल, पैसे दिलेले नसले तरी, नंबर आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि १९३०वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. आमच्या तक्रारीचा तपास अजून चालू आहे. त्याच नंबरांच्या आणखी तक्रारी आल्या तर तपास पुढे सरकेल, असं तिथल्या अधिकाऱ्यांनीच आम्हाला सांगितलंय.