पेस की राज्य मंडळ?

कोल्हापुरातल्या छोट्या ख्रिस्ती शाळेला राज्य मंडळाची वाट मळलेली: पुस्तकं बाजारात, विभागीय मंडळ गावातच, दहावीला विषयात 35 गुणांवर पास.

'पेस' म्हणजे मुलाने आपल्या गतीने स्वतः सोडवायच्या अमेरिकन ख्रिस्ती अभ्यास-पुस्तिका. त्यांचं तंत्रच वेगळं. प्रवेशाआधी चाचणी, मग विषयाला वर्षाकाठी साधारण 12 पुस्तिका. मूल रोजची पानं स्वतः ठरवतं, अडलं की टेबलावर झेंडा लावतं, उत्तरं तपासणीच्या टेबलाशी जाऊन लाल पेनाने तपासतं. चाचणीत 80 टक्के नाहीत तर पुस्तिका पुन्हा! घोळ होतो तो तपासणीतच: आधी उत्तर बघून मग लिहिलं, की पानं भरलेली आणि डोकं कोरं. तिथे शिक्षक उभा हवाच.

मराठी वेगळं शिकवावं लागतं. पेसच्या मुलांची दहावी एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळा मंडळातून, किमान वय 14.