लाहिंचचे ‘डेल’ की प्रेस्टविकचे ‘हिमालयाज’?

गोल्फमध्ये टीवरून (पहिला फटका मारण्याच्या जागेवरून) ग्रीन (झेंडा आणि खळगा असलेला आखूड गवताचा भाग) अजिबात न दिसणारे पार-तीन होल (तीन फटक्यांत पुरा होणे अपेक्षित असलेला मैदानाचा टप्पा), म्हणजेच ब्लाइंड पार-तीन, एकदा तरी खेळावे अशी हौस असेल आणि सवड एकाच मैदानापुरती असेल, तर दोन नावांचा विचार आधी करावा: आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील लाहिंचचे ‘डेल’ आणि स्कॉटलंडमधील प्रेस्टविकचे ‘हिमालयाज’. योगायोगाने दोन्ही पाचव्या क्रमांकाची होल आहेत.

डेल सुमारे 154 यार्डांचे आहे. टीवर उभे राहिल्यावर समोर गवताळ वाळूची टेकडी आणि तिच्या उतारावर ठेवलेला एक पांढरा दगड, एवढेच दिसते. ग्रीनवरच्या झेंड्याची जागा बदलली की कर्मचारी हा दगडही सरकवतात, त्यामुळे दिशा खेळाडूला आयतीच मिळते आणि प्रश्न उरतो तो फक्त अंतराचा. दोन टेकड्यांच्या मधल्या घळीत आडवे पसरलेले ते ग्रीन रुंदीला ऐसपैस, पण खोलीला अगदी बेताचे असल्याने नेमकी अंतराचीच परीक्षा होते. म्हणूनच या होलला नशिबाचा खेळ म्हणणे मला पटत नाही. येथे लक्ष्य ठाऊक असते, झाकलेला असतो तो फटक्याचा निकाल, आणि टेकडीला वळसा घालून तो पाहायला जाताना पावले आपोआप भराभर पडतात. स्कॉटिश गोल्फपटू ओल्ड टॉम मॉरिस यांनी 1894 मध्ये मैदान आखले तेव्हा टेकड्या हलवणारी यंत्रे नव्हती. पण 1927 मध्ये फेररचना करणाऱ्या मैदान-रचनाकार ॲलिस्टर मॅकेन्झी यांच्या हातूनही डेल तसेच राहिले, हे अधिक बोलके आहे.

हिमालयाज 206 यार्डांचे असल्याने तेथे लांब पल्ल्याचा क्लब (चेंडू मारायची काठी) काढावा लागतो आणि वारा तोंडावर असेल तर पलीकडे पोहोचणेच कठीण होते. टेकडीवरच्या रंगीत चकत्या आपापल्या टीची दिशा दाखवतात. ग्रीन सोडताना घंटा वाजवायची असते, म्हणजे मागच्या खेळाडूंना वाट मोकळी झाल्याचे कळते. (खऱ्या हिमालयाच्या देशातून आलेल्या माणसाला त्या टेकडीचे नाव ऐकून हसू येईल, पण चेंडू तिच्या पोटात रुतला की ते मावळते.) प्रेस्टविकचे पारडे जड होते ते इतिहासाने: 1860 ची पहिली ओपन (गोल्फची सर्वांत जुनी मोठी स्पर्धा) याच मैदानावर झाली, आणि 1925 पर्यंत ती स्पर्धा येथे 24 वेळा भरली.

केवळ होलचा विचार केला तर माझे मत डेलला आहे. मध्यम ताकदीच्या खेळाडूलाही ते आटोक्यातले वाटते, आणि त्याच्या आधीचे पार-पाच ‘क्लोंडाइक’ दुसऱ्या फटक्याला तसेच ब्लाइंड असल्याने हौस दुपटीने फिटते. गाडी चालवायची नसेल तर मात्र प्रेस्टविकच घ्यावे. तेथे रेल्वे स्थानक पहिल्या होलच्या भिंतीपलीकडेच आहे, तर लाहिंचला शॅनन विमानतळावरून रस्त्यानेच जावे लागते.