अ‍ॅप नादखुळा, पण वाट आपणच आखायची

पन्हाळ्यापलीकडच्या मसाई पठारावर दिवसभराची गोल फेरी आखायची, म्हणजे चढलेल्या वाटेनं परत न उतरता गाडीपाशी पोचायचं, तर ऑर्गॅनिक मॅप्स हे मोफत अ‍ॅप किती उपयोगी? नकाशा म्हणून पाचपैकी साडेचार. वाटाड्या म्हणून दोन, तेही जरा हात सैल सोडून.

आधी जमेची बाजू. जाहिराती नाहीत, खातं उघडायची भानगड नाही. कोल्हापुरातूनच वायफायवर नकाशा उतरवून घेतला की पठारावर रेंज गेली तरी काही अडत नाही. जीपीएसला सिमकार्ड लागत नाही, त्यामुळे फोन फ्लाइट मोडवर टाकावा. रेंज शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते. गुगल मॅप्सचा नकाशाही उतरवून ठेवता येतो, पण ऑफलाइन असताना तो पायी जायचा रस्ता सांगत नाही. ऑर्गॅनिक मॅप्स सांगतं, शिवाय चढउताराचा आलेखही दाखवतं. लेयरच्या बटणावरून समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) सुरू करायला विसरू नये. त्या नसतील तर सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार, आणि दरी स्क्रीनवर सारखीच हिरवी दिसते.

आता उणं. हे अ‍ॅप ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालतं, म्हणजे कुणीतरी हौसेनं नकाशात भरलेली वाटच त्याला ठाऊक. पन्हाळगडाच्या राजदिंडी या दरवाजातून उतरून म्हाळुंगे गावाकडं जाणारी वाट 1660 च्या जुलैत शिवाजी महाराज गडावरून निसटले तेव्हापासून प्रसिद्ध आहे, दरवर्षी पन्हाळा–पावनखिंड मोहिमेला हजारो पावलं तिथून जातात. पण सड्यावरच्या फाट्यांचं तसं नाही. जिथं वाट भरलेली नाही तिथं अ‍ॅप निमूटपणे गाडीरस्त्यानं वळसा घालतं आणि फेरीची लांबी फुगवतं. दुसरी गंमत म्हणजे सुरुवात आणि शेवट एकाच जागी ठेवले तर त्याला मार्ग काढण्यासारखं काही उरतच नाही. मध्ये किमान दोन-तीन थांबे टाकावे लागतात: मसाईदेवीचं मंदिर, पठाराचं लांबचं टोक, कड्यातली पांडवदरा लेणी.

म्हणून फेरी घरीच, संगणकावर गुगल अर्थ प्रोमध्ये रेघ ओढून आखावी. त्यात जुनी उपग्रहचित्रं बघता येतात. पावसाळ्यातलं चित्र घेऊ नका, सगळं हिरवं दिसतं. मार्च ते मे मधलं घ्या. वाळल्या गवतात आणि जांभ्या दगडावर मळलेली वाट फिकट रेघेसारखी उठून दिसते. ढोरवाटाही तशाच दिसतात, हा धोका आहेच. ढोरवाट बहुधा पाण्यापाशी किंवा चरणीवर जाऊन विरते, माणसांची वाट दोन वस्त्या किंवा वस्ती आणि देऊळ जोडते. रेघ केएमएल फाइल म्हणून साठवून फोनवर पाठवली की ऑर्गॅनिक मॅप्स ती उघडतं. मग त्याचं मार्ग काढणं विसरायचं आणि आपण कुठं आहोत ते दाखवणारा निळा ठिपका आपल्या रेघेवर ठेवत चालायचं. असं वापरलं तर अ‍ॅपला तोड नाही.

कड्याजवळ मात्र समोच्च रेषांवर भिस्त नको. अशा मोफत नकाशांतली उंची बहुतेक 2000 साली अंतराळयानातून झालेल्या रडार मोजणीवरची असते, आणि तिच्या दोन मोजबिंदूंत साधारण 30 मीटर अंतर असतं. पठाराच्या कडेला जांभ्याची आठ-दहा मीटरची सरळ भिंत असली तर नकाशात ती बेताचा उतार म्हणून दिसते. उतरायची वाट नकाशावरून ‘सोपी दिसते’ म्हणून निवडू नये. म्हाळुंग्यात किंवा वाटेतल्या गुराख्याला विचारावं. इंग्लंडातल्या हेदर नावाच्या झुडपाच्या माळांवर फिरणाऱ्यांची चैन असते, त्यांना 1:25,000 चा सरकारी नकाशा दुकानात मिळतो आणि हक्काच्या पायवाटा त्यावर छापलेल्या असतात. आपल्याकडचा सर्व्हे ऑफ इंडियाचा नेहमीचं पत्रक 1:50,000 चं, म्हणजे निम्म्या बारकाव्याचं.

वेळेचा अंदाज अ‍ॅपचा धरू नका. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 चा नियम ताशी 5 किलोमीटर, अधिक दर 600 मीटर चढाईला एक तास असा आहे. ओल्या, शेवाळलेल्या जांभ्यावर ताशी 3 धरा. 14 किलोमीटर आणि 350 मीटर चढाईची फेरी असेल तर 4 तास 40 मिनिटं, अधिक 35 मिनिटं, अधिक जेवणखाण-फोटोंचा एक तास: सव्वासहा तास. सकाळी सातला निघालात तर सव्वाएकला खाली. ऑक्टोबरात हे महत्त्वाचं, कारण परतीचा पाऊस दुपारनंतर विजांसकट येतो आणि उघड्या सड्यावर सगळ्यात उंच वस्तू आपणच असतो. माणशी 3 लिटर पाणी खालूनच न्यावं, वाटेत सावली मिळेल असं धरू नये.

सप्टेंबरात सोनकी, तेरडा, सीतेची आसवं फुललेली असतात. जांभ्यावर मातीचा थर बोटभर, त्यामुळे वाट सोडून टाकलेलं पाऊल रोपटी मुळासकट उचकटतं. घरी रेघ ओढतानाच शॉर्टकट टाळा.

धुक्यात निळा ठिपका काम करतो, पण उभं राहिल्यावर नकाशावरचा बाण कुठंही फिरतो. वीस-तीस पावलं सरळ चाला, ठिपका कुठं सरकला ते बघा आणि मगच दिशा ठरवा. पावसात ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, तेव्हा रेघेसकट नकाशाची छापील प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या खिशात ठेवा, सॅकच्या तळाशी नको.